जोग धबधब्याचं पाणी उन्हाळ्यात जातं कुठं? चार वीजघरं चालवणाऱ्या शरावती नदीची गोष्ट

जुलै-ऑगस्ट आला की इन्स्टाग्रामवर एक रील हमखास फिरतं. आधी नुसतं धुकं दिसतं, मग धुकं बाजूला होतं आणि समोर कड्यावरून धो धो कोसळणारं पाणी. खाली कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, "लोकेशन?" लोकेशन असतं कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातला जोग धबधबा.

हे रील बघून एखादा गडी मार्च-एप्रिलच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन तिथं पोचतो, तेव्हा त्याला दिसतो काळाकभिन्न उघडा कडा आणि त्याच्यावरून ओघळणाऱ्या दोन-चार बारीक धारा. मग पोरं विचारतात, "पप्पा, धबधबा कुठाय?"

आपल्याकडच्या जुन्या पिढीला हाच धबधबा 'गिरसप्पा' या नावानं माहिती आहे. शाळेच्या भूगोलात पाठ केलेला, उंची २५३ मीटर. कुतुबमिनार एकावर एक तीन ठेवले तरी तो वर उरतो. एवढा मोठा धबधबा उन्हाळ्यात गायब कसा होतो?

उन्हाळ्यात नदीचं पाणी कमी होणार, यात नवल नाही. धरणं नव्हती तेव्हाही ते व्हायचंच. पण आज जोगला पाणी किती येणार, हे पावसाबरोबर वीजघरंही ठरवतात. नदीचं बहुतेक पाणी कड्यावरून पडतच नाही, ते कालव्यातून आणि पाइपातून दुसऱ्याच वाटेनं खाली जातं. त्या वाटेवर कर्नाटकची वीज तयार होते. आणि त्या विजेसाठी ज्यांनी घरदार सोडलं, त्यातल्या कित्येकांच्या हातात साठ वर्षांनंतरही जमिनीचा कागद नाही.

नदी आहे तरी केवढी?

नदीचं नाव शरावती. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यात अंबुतीर्थ नावाचं ठिकाण आहे, तिथं ती उगम पावते. सीतेला तहान लागली म्हणून रामानं जमिनीत बाण मारला आणि पाणी वर आलं, अशी आख्यायिका तिथं सांगतात. शर म्हणजे बाण, त्यावरून शरावती.

कृष्णा आणि कावेरी सह्याद्रीत जन्मतात आणि पूर्वेकडं शेकडो किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळतात. शरावतीचं तसं नाही. ती वायव्येला वळते, सह्याद्रीच्या कड्यावरून खाली उडी मारते आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात होन्नावरजवळ अरबी समुद्राला मिळते. उगमापासून समुद्रापर्यंतचं अंतर साधारण १३० किलोमीटर. म्हणजे पुण्यातून निघून मुंबई गाठायच्या आतच नदी संपली.

ही नदी आपल्यातल्या अनेकांनी नकळत ओलांडलेली असते. रत्नागिरी, मडगाव करत कोकण रेल्वेनं मंगळूरकडं जाताना होन्नावरला एक लांबच लांब पूल लागतो. दोन किलोमीटरपेक्षा थोडा जास्त लांबीचा हा पूल म्हणजे कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब पूल. त्याच्याखालून जे पाणी वाहतं ते शरावतीचं.

अजून एक जुनं नातं आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, त्याआधी उत्तर कन्नड जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळं जोगला नदीच्या एका काठावर म्हैसूर संस्थान आणि दुसऱ्या काठावर मुंबई इलाखा, अशी परिस्थिती होती. दरीच्या एका बाजूच्या विश्रामगृहाला 'म्हैसूर बंगला' आणि समोरच्याला 'बॉम्बे बंगला' म्हणायचे ते यामुळंच.

एवढीशी नदी विजेसाठी एवढी महत्त्वाची का?

पाण्यापासून वीज करायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे भरपूर पाणी आणि दुसरी म्हणजे उंची. पाणी जितकं उंचावरून खाली येईल तितक्या जोरात ते टर्बाइन फिरवतं. पाणी दुप्पट उंचीवरून पडलं, तर तेवढ्याच पाण्यात दुप्पट वीज मिळते.

शरावतीकडं दोन्ही आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि लगेच पुढं कडा आहे. आपल्या कोयनेचं तंत्र असंच आहे. फक्त कोयना मुळात पूर्वेला जाणारी नदी, तिचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला, कोकणात उतरवावं लागलं. शरावती स्वतःच पश्चिमेला उडी मारते. इंजिनिअर लोकांसाठी ही आयती सोय होती.

म्हैसूर संस्थान तर विजेच्या बाबतीत आधीपासूनच पुढं होतं. कावेरीवर शिवसमुद्रम इथं १९०२ मध्येच वीज सुरू झाली होती आणि ती थेट कोलारच्या सोन्याच्या खाणींना जायची. पुढं जोग धबधबा बघायला गेलेले सर विश्वेश्वरय्या निसर्गाचं कौतुक करायचं सोडून, एवढी ताकद वाया चालली म्हणून हळहळले, असा किस्सा कर्नाटकात आजही सांगतात. किस्सा खरा असो वा नसो, संस्थानाच्या डोक्यात काय चाललं होतं ते यावरून कळतं.

जोगच्या वरच्या बाजूला मडेनूर इथं हिरेभास्कर धरण बांधलं गेलं आणि खाली दरीत वीजघर उभं राहिलं. १९४८ च्या सुमारास ते सुरू झालं. आधी म्हैसूरच्या महाराजांचं नाव असलेल्या या वीजघराला नंतर महात्मा गांधींचं नाव देण्यात आलं. क्षमता होती १२० मेगावॅट. त्या काळात हा आकडा फार मोठा होता.

पण राज्यात कारखाने वाढले, बेंगळुरू वाढलं आणि ही वीज पुरेना. मग एक अजस्र धरण बांधायचं ठरलं. त्याचं नाव लिंगनमक्की.

धरणाने आधीचं धरण गिळलं

जोगच्या वर साधारण सहा किलोमीटरवर लिंगनमक्की धरण आहे. १९६४ मध्ये ते पूर्ण झालं. लांबी पावणेतीन किलोमीटरच्या घरात, साठवण सुमारे १५१ टीएमसी. आपलं कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे कोयनेच्या जवळपास दीडपट पाणी इथं मावतं. पाणी पसरलं सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर.

हे पाणी एवढं पसरलं की आधीचं हिरेभास्कर धरणही त्याच्या पोटात गेलं. ज्या वर्षी पाऊस कमी होतो आणि लिंगनमक्कीची पातळी खाली जाते, त्या वर्षी उन्हाळ्यात हे जुनं धरण पाण्यातून वर येतं आणि लोक ते बघायला जातात.

आता पाण्याचा प्रवास बघू.

लिंगनमक्कीतून पाणी बाहेर पडतं तिथंच धरणाच्या पायथ्याला ५५ मेगावॅटचं छोटं वीजघर आहे. तिथून ते कालव्यानं तळकळले नावाच्या मधल्या तलावात जातं. तळकळले आहे डोंगराच्या काठावर. तिथून प्रचंड मोठ्या लोखंडी पाइपांतून पाणी चारशे मीटरपेक्षा जास्त खाली सोडलं जातं आणि खाली असतं मुख्य शरावती वीजघर. इथं दहा संच आहेत, एकेक १०३.५ मेगावॅटचा. एकूण १,०३५ मेगावॅट.

पाणी इथंही मोकळं होत नाही. खाली गेरुसोप्पा इथं ते परत अडवलं जातं आणि २४० मेगावॅटच्या वीजघरातून फिरून मगच समुद्राच्या वाटेला लागतं. आपण ज्याला गिरसप्पा म्हणतो ते हेच गेरुसोप्पा. सोळाव्या शतकात इथं चेन्नभैरादेवी नावाची राणी राज्य करत होती आणि तिच्या मुलखातल्या मिरीमुळं पोर्तुगीज तिला 'मिरीची राणी' म्हणायचे.

म्हणजे एकच पाणी तीन वेळा वीज देतं. महात्मा गांधी वीजघर धरून नदीवर एकूण चार वीजघरं झाली. सगळी मिळून क्षमता १,४०० मेगावॅटच्या वर. कर्नाटकच्या जलविद्युतेत सगळ्यात मोठा वाटा या एका छोट्या नदीचा आहे.

राज्य या नदीवर किती अवलंबून आहे, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये सगळ्यांना कळलं. शरावती वीजघरात आग लागली आणि दहाच्या दहा संच बंद पडले. हजार मेगावॅटपेक्षा जास्त वीज एका झटक्यात गेली आणि राज्यात विजेची बोंबाबोंब झाली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. जोगचा कडा आहे लिंगनमक्कीच्या खाली आणि मुख्य वीजघराची वाट कड्याला वळसा घालून जाते. पाऊस चांगला झाला, धरण समुद्रसपाटीपासून १,८१९ फुटांच्या पूर्ण पातळीजवळ पोचलं आणि दरवाजे उघडले, की जोग रीलमध्ये दिसतो तसा दिसतो. दरवाजे उघडलेच नाहीत तर धरणाच्या खालच्या थोड्याशा भागात पडलेला पाऊस, एवढंच पाणी धबधब्याच्या वाट्याला येतं.

पण पाण्याखाली गेलं कोण?

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची आहे. पण ३०० चौरस किलोमीटर जमीन रिकामी नव्हती. सागर आणि होसनगर तालुक्यातली गावं तिथं होती. भातखाचरं होती, सुपारीच्या बागा होत्या, देवळं होती. हजारो कुटुंबांना उठावं लागलं.

यात एक गुंता आधीपासूनचा होता. सागर तालुक्यात जमीन कसणारा वेगळा आणि कागदावरचा मालक वेगळा, अशी स्थिती मोठ्या प्रमाणावर होती. याच तालुक्यातल्या कागोडू गावात १९५१ मध्ये कुळांनी सत्याग्रह केला होता. त्यांना पाठिंबा द्यायला गेलेल्या डॉ. राममनोहर लोहियांना तिथं अटक झाली होती. कागद कुणाच्या नावावर आहे, यावर आयुष्य ठरतं, हे इथल्या माणसांनी धरणाच्या आधीच बघितलं होतं.

धरण आलं तेव्हा उठवलेल्या कुटुंबांना शिवमोग्गा जिल्ह्यात ठिकठिकाणी जंगलाच्या जमिनी दाखवण्यात आल्या. लोकांनी झाडोरा साफ केला, घरं बांधली, शेती उभी केली. सरकारनंच आणून बसवलंय म्हटल्यावर कुणाच्या मनात शंका नव्हती. पण सरकारी दप्तरात त्यातली पुष्कळ जमीन जंगल म्हणूनच नोंदलेली राहिली. ती जंगलातून वगळून शेतकऱ्याच्या नावावर करायचं काम अर्धवटच राहिलं.

मग १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला. जंगलाची जमीन दुसऱ्या कामासाठी द्यायची तर केंद्र सरकारची आधी परवानगी घ्यायची, असा नियम झाला. जंगलं वाचावीत म्हणून केलेला चांगला कायदा. पण शरावतीच्या लोकांचं काम त्याच्याआधी उरकलेलं नव्हतं, त्यामुळं ते कायद्याच्या कचाट्यात सापडले.

पुढं राज्यातल्या सरकारांनी आपल्या अधिकारात जमिनी वगळायचे आदेश काढले. लोकांना वाटलं, सुटलो एकदाचे. पण केंद्राची परवानगी घेतलेलीच नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं असा आदेश याच कारणावरून रद्द केला. त्यानंतर २०२२ मध्ये सरकारनं आधीचे असे अनेक आदेश मागं घेतले. नोव्हेंबर २०२२ मध्ये शिवमोग्ग्यात यावरून मोठा मोर्चा निघाला.

आपल्याकडं जसा सातबारा, तसं कर्नाटकात 'पहाणी' पत्रक असतं. त्यावर नाव नसेल तर बँक शेतीचं कर्ज द्यायला तयार होत नाही, जमीन कायदेशीर विकता येत नाही, भावाभावांत वाटणी करता येत नाही. आजोबांनी गाव सोडलं, बापानं जंगल फोडून शेत केलं आणि नातू आज त्याच शेतात कागदावर अतिक्रमण करणारा ठरतो. कोयनेच्या धरणग्रस्तांची फरफट माहिती असणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

'सूर्यवंशम'मधल्या सौंदर्यानं काढलेला पिक्चर

ही गोष्ट बाहेर पोचवली ती एका लेखकानं. ना. डिसूझा हे शरावती प्रकल्पात सरकारी नोकरीला होते. धरण बांधलं जाताना आणि गावं उठताना त्यांनी जवळून बघितली आणि त्यावर कन्नडमध्ये कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या एकीचं नाव 'मुळुगडे', म्हणजे बुडीत. दुसरी 'द्वीप'.

'द्वीप'वर गिरीश कासरवळ्ळी यांनी सिनेमा केला. त्यात मुख्य भूमिका होती सौंदर्याची. टीव्हीवर सतत लागणाऱ्या 'सूर्यवंशम'मध्ये अमिताभ बच्चनची बायको झालेली तीच सौंदर्या. या सिनेमात तिनं कामही केलं आणि पैसेही तिनंच घातले. धरणाचं पाणी चढत असताना गाव सोडायला तयार नसलेलं एक कुटुंब, एवढीच गोष्ट. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सिनेमातलं बेट खोटं नव्हतं. लिंगनमक्कीच्या पाण्यामुळं तुमरी आणि आसपासची गावं खरंच तालुक्याच्या गावापासून तुटली. सागरला दवाखान्यात, कॉलेजात, बाजारात जायचं तर लाँचनं पाणी ओलांडायचं, नाहीतर रस्त्यानं भलामोठा वळसा घालायचा. याच बाजूला सिगंदूरची चौडेश्वरी देवी आहे, तिच्या भक्तांच्या गाड्याही लाँचवर चढूनच जायच्या. रात्री लाँच बंद झाली की आजारी माणसाला घेऊन काय करायचं, हा प्रश्न इथल्या घराघरात होता.

त्या गावांना पूल मिळाला १४ जुलै २०२५ ला. सुमारे २.४ किलोमीटरचा, तारांनी तोललेला हा पूल केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते सुरू झाला. धरण १९६४ चं आणि पूल २०२५ चा. मध्ये ६१ वर्षं गेली.

समुद्राजवळच्या मच्छीमारांचं काय?

धरणाचा परिणाम फक्त वरच्या गावांवर झाला नाही. होन्नावरला नदी समुद्राला मिळते तिथं खाडी आहे. कोकणातल्या माणसाला माहिती असतं, खाडीचं सगळं गणित गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या मेळावर असतं. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी खाली येतं, उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी आत शिरतं. या फिरत्या खारेपणावर मासे, तिसऱ्या, कालवं जगतात.

शरावतीत हे चक्र बदललं. वीज बाराही महिने लागते, त्यामुळं वीजघरातून गोडं पाणीही बाराही महिने खाली येतं. उन्हाळ्यात खाडी जितकी खारी व्हायची तितकी ती होईना. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शरावतीची खाडी आणि शेजारच्या अघनाशिनीची खाडी यांची तुलना केली. अघनाशिनीवर एकही मोठं धरण नाही. तिथं माशांच्या जाती कितीतरी जास्त निघाल्या आणि शिंपल्यांवर हजारो लोकांचं पोट चालतंय. शरावतीत शिंपले जवळपास दिसेनासे झाले.

दोन्ही नद्या एकाच किनाऱ्यावर, पाऊसही सारखाच. मोठा फरक धरणांचा.

आणि आता नवा राडा

एवढं सगळं या नदीनं दिलं, तरी तिच्याकडं बघणारे थांबलेले नाहीत. २०१९ मध्ये लिंगनमक्कीचं पाणी पंपानं उपसून बेंगळुरूला प्यायला न्यायचा प्रस्ताव आला. शिवमोग्गा जिल्ह्यात बंद पाळला गेला, लोक रस्त्यावर आले.

सध्या वाद पेटलाय तो २,००० मेगावॅटच्या 'पंप्ड स्टोरेज' प्रकल्पावरून. कल्पना अशी की, वर तळकळले आणि खाली गेरुसोप्पा हे दोन्ही तलाव आधीपासून आहेतच. ते डोंगराच्या पोटातून बोगद्यानं जोडायचे. दुपारी सौरऊर्जा जास्त असते, तेव्हा त्या विजेवर खालचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी घरोघरी दिवे, टीव्ही, एसी सुरू झाले की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. म्हणजे नदीची एक मोठी बॅटरी.

यात तथ्य आहे. कर्नाटकात पावगडासारखं २,००० मेगावॅटपेक्षा मोठं सोलर पार्क आहे आणि सूर्य मावळला की ती वीज शून्यावर येते. ती साठवायला काहीतरी लागणारच. शिवाय यात नवं धरण बांधायचं नाही, नवी गावं बुडवायची नाहीत, असं बाजूनं बोलणारे सांगतात.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे. पाणी वर चढवायला जेवढी वीज लागते त्यापेक्षा परत मिळणारी वीज कमीच असते, हे भौतिकशास्त्रातून सुटणारं नाही. बोगदे आणि रस्ते जाणार आहेत ते सिंहपुच्छ वानराच्या अभयारण्यातून. हे वानर जगात फक्त पश्चिम घाटात आहे आणि ते झाडांच्या शेंड्यांवरूनच फिरतं. मध्ये रस्ता आला, झाडं तुटली की त्याची वाट बंद. तिसरा मुद्दा दरडींचा. याच उत्तर कन्नड जिल्ह्यात जुलै २०२४ मध्ये शिरूरला हायवेवर दरड कोसळून माणसं गेली होती. अशा डोंगरात अजून सुरुंग लावायचे का, असं लोक विचारतात. होन्नावरकडच्या गावांना भीती आहे ती पाण्याची. गेरुसोप्पाचं पाणी सारखं वर-खाली फिरत राहिलं तर खाली किती येणार?

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शहरात बसून बघणाऱ्याला हा 'विकास विरुद्ध पर्यावरण' असा नेहमीचा वाद वाटतो. शरावतीच्या खोऱ्यातल्या माणसासाठी तो भरवशाचा प्रश्न आहे. १९६४ मध्ये त्याला सांगितलं गेलं होतं की राज्यासाठी गाव सोडा, तुमची सोय करू. राज्याला वीज मिळाली. तुमरीला पूल मिळायला ६१ वर्षं लागली आणि जमिनीचा कागद अजून यायचाय. अशा माणसाला नव्या प्रकल्पाचा नकाशा दाखवून कुणाचं नुकसान होणार नाही म्हणून सांगितलं, तर तो आधी जुना हिशोब विचारणारच.

दर पावसाळ्यात लिंगनमक्कीची पातळी १,८१९ फुटांकडं सरकायला लागली की कर्नाटकात दोन प्रकारची माणसं तो आकडा बघत असतात. पर्यटकांना जोगला कधी जायचं ते ठरवायचं असतं. बुडीत गावांतून उठलेल्यांना मात्र त्या आकड्यावरून कळतं, की यंदा आपलं जुनं गाव पुन्हा पुरतं पाण्याखाली गेलं.